लाकूड, घरबांधणीचे व फर्निचरचे

लाकूड, घरबांधणीचे व फर्निचरचे : घराचे खांब, तुळया, चौकटी, दारे-खिडक्या तसेच पलंग, कपाट, मेज, खुर्ची इ. वस्तू तयार करण्यासाठी वृक्षांच्या खोडापासून कापून व वाळवून तयार केलेले लाकूड. जळणाच्या किंवा कागदाच्या लगद्यासाठीच्या लाकडाहून ते वेगळे मानतात. कारण भार पेलणे, आकार न बदलणे आणि वाळवी, भुंगेरे व बुरशी यांच्यापुढे टिकून राहणे, अशा तीन गोष्टींची त्याच्याकडून अपेक्षा असते. या बाबतींत लाकडाची योग्यता केवळ जातीच्या नावावरून ठरत नाही. लाकूड खोडाच्या कोणत्या भागातील आहे, ते कोणत्या दिशेने कापले आहे, किती वाळले आहे व कोणत्या हवामानात वापरावयाचे आहे, यांवरही ती तितकीच अवलंबून असते. कोवळ्या सागाची न वाळलेली चौकट वर्षभरात वाकडी होते, तर चांगल्या मुरलेल्या कडुनिंबाची चौकट कित्येक वर्षे टिकते, याचे कारण हेच होय.

सदर नोंदीत या विषयाचे विवेचन करताना मराठवाड्याच्या कोरड्या पठारी प्रदेशाचे, विशेषतः बीड जिल्ह्यातील वडवणी या तालुक्याच्या गावाच्या परिसराचे उदाहरण घेतले आहे. सागाची मोठी वने दूर, हवामान वर्षाकाठी अतिशय बदलणारे आणि घरबांधणीची परंपरा मात्र लाकडी सांगाड्याची, अशी या भागाची स्थिती असल्यामुळे लाकडाच्या निवडीचे सर्व प्रश्न येथे ठळकपणे दिसून येतात.

परंपरा : बालाघाट डोंगररांगांच्या आसमंतातील जुनी घरे माळवदाची असत. दगडी तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या (सर), त्यांवर फळ्या किंवा किलचा व सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्यांची रचना असे. घराचा आकार खणांवरून सांगत व खण हा लाकडी सांगाड्याने ठरे. वाड्यांसाठी साग बाहेरून आणीत. सामान्य शेतकऱ्याच्या घरात मात्र शेताच्या बांधावरील बाभूळ व कडुनिंब हीच मुख्य लाकडे असत. हा सांगाडा नीट उभारलेला असल्यास छताचे वजन भिंतींवर न पडता खांबांवर पडते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची माती यांखाली सापडून दगावली. तथापि अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही खांब व तुळया यांचा सांगाडा उभा राहिल्याचे नंतरच्या पाहणीत आढळून आले. ज्या खांबाचे बूड भिंतीतील ओलीने कुजले आहे वा ज्याचा सांधा सैल झाला आहे, त्याच्याकडून अशी अपेक्षा करता येत नाही. घरातील लाकडाची परीक्षा ही केवळ शोभेची वा किंमतीची बाब नसून सुरक्षिततेचीही आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

रचना : खोडाच्या आडव्या छेदात बाहेरच्या बाजूस फिकट रंगाचे रसकाष्ठ व आत गडद रंगाचे मध्यकाष्ठ दिसते. रसकाष्ठातून जिवंत वृक्षात पाण्याचे वहन होते व त्यात स्टार्च साठविलेला असतो. या स्टार्चमुळे लाकूड पोखरून पिठासारखा भुसा पाडणारे भुंगेरे रसकाष्ठाकडे आकर्षित होतात. मध्यकाष्ठातील कोशिका मृत असून त्यांत राळ, टॅनीन, तैलद्रव्ये इ. पदार्थ साचलेले असतात. लाकडाचा टिकाऊपणा मुख्यतः त्यांवर अवलंबून असतो. सागाच्या मध्यकाष्ठातील टेक्टोक्विनोन हे वाळवीस प्रतिकूल असलेले द्रव्य त्याच्या रसकाष्ठात जवळजवळ नसते. म्हणून सागाच्या पांढऱ्या भागास सागाचा टिकाऊपणा नसतो. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असल्याने खरेदीच्या वेळी फळीच्या दोन्ही कडा व टोके पाहणे आवश्यक ठरते. फळीस रंग वा तेल लावलेले असल्यास कोपरा रंध्याने थोडा तासून पाहावा.

जलांश व आकारबदल : लाकडातील पाण्याचे वजन पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या शेकडेवारीत सांगतात, त्यास जलांश म्हणतात. नुकत्याच तोडलेल्या लाकडात तो ६० ते १०० टक्के वा त्याहूनही अधिक असू शकतो. वाळताना प्रथम कोशिकांच्या पोकळ्यांतील पाणी निघून जाते व तोपर्यंत लाकूड आटत नाही. जलांश सु. २५ ते ३० टक्क्यांच्या खाली गेला की, कोशिकाभित्तींतील पाणी कमी होऊ लागते व तेथून पुढे लाकूड आटते. हे आटणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य, त्रिज्येच्या दिशेने मध्यम व वलयांना समांतर दिशेने सर्वाधिक असते. सागाच्या बाबतीत ओल्या स्थितीपासून पूर्ण कोरड्या स्थितीपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सु. २.५ टक्के व वलयांना समांतर दिशेने ५ ते ६ टक्के आट येते. इतर अनेक लाकडांत ती याहून जास्त असते. साग चौकटींसाठी विश्वासाचा मानला जातो, त्याचे एक मुख्य कारण हे अल्प आटणे होय.

लाकूड हवेतील आर्द्रतेशी सतत देवाणघेवाण करीत असते व दिलेल्या हवामानात ते ज्या जलांशावर स्थिर होते त्यास समतोल जलांश म्हणतात. सु. ३०° से. तापमानास हवेची सापेक्ष आर्द्रता २५ टक्के असल्यास तो ५ ते ६ टक्के आणि ८० टक्के असल्यास १५ ते १६ टक्के असतो. बीड जिल्ह्यातील उन्हाळी दुपारी व पावसाळी आठवडे या दोन टोकांच्या जवळपास येतात. जाड लाकूड सावकाश प्रतिसाद देत असल्याने त्याच्या जलांशातील प्रत्यक्ष चढउतार यापेक्षा कमी असतो. तरीही जलांश केवळ ६ टक्क्यांनी बदलला, तर वलयांना समांतर कापलेली ३० सेंमी. रुंदीची सागाची फळी सु. ३.५ मिमी. आटते, त्रिज्येच्या दिशेने कापलेली तेवढीच फळी सु. १.५ मिमी. आटते. पावसाळ्यात अडकणारे दार उन्हाळ्यात सैल का होते, हे या आकड्यांवरून कळते. अशा दाराची कडा भर पावसाळ्यात पुष्कळ तासल्यास उन्हाळ्यात तेथे फट पडते. म्हणून नवीन दार बसवितानाच ऋतूचा विचार करून कडेला अंतर ठेवतात.

कोकण किंवा मुंबई येथील दमट हवेत साठविलेले लाकूड वडवणीसारख्या ठिकाणी आणून लगेच कापल्यास ते वस्तू तयार झाल्यावर आटते व सांधे उघडतात. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये सरासरी सापेक्ष आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग कल्पून वेगवेगळ्या कामांसाठी जलांशाच्या मर्यादा दिल्या आहेत. ५० मिमी.पेक्षा कमी जाडीच्या दारे-खिडक्यांसाठी ही मर्यादा सर्वांत कोरड्या विभागात ८ टक्के, तर सर्वांत दमट विभागात १४ टक्के आहे.

कापण्याच्या पद्धती : ओंडका सरळ एकापाठोपाठ एक फळ्यांत चिरल्यास लाकूड कमी वाया जाते व फळीवर कमानीसारख्या सुंदर रेषा मिळतात, परंतु अशा बहुतेक फळ्या रुंदीत अधिक आटतात व खोलगट होतात. ओंडक्याचे चार भाग करून वलयांशी काटकोनात चिरलेल्या फळ्यांवर समांतर सरळ रेषा दिसतात. त्या महाग पडतात, पण स्थिर राहतात. फळीचे टोक पाहून वलये पृष्ठभागाशी कोणता कोन करतात हे ओळखता येते. मेजाचे माथे, चौकटीचे उभे पट्टे व सरकत्या दारांच्या कडा यांसाठी दुसऱ्या प्रकारच्या फळ्या राखून ठेवाव्यात आणि दर्शनी पण अरुंद भागांसाठी पहिल्या प्रकारच्या वापराव्यात. ओंडक्याचा मधला गाभा जिच्यात आहे, अशी फळी बहुधा भेगाळते. ती टाळणेच इष्ट होय.

शुष्कन : लाकूड वाळविणे म्हणजे केवळ उन्हात टाकणे नव्हे. तीव्र उन्हात पृष्ठभाग लवकर आटतो, आतला भाग ओलाच राहतो व फळी तडकते. म्हणून फळ्या सावलीत, जमिनीपासून सु. ४० ते ५० सेंमी. उंच ओट्यावर, एकीवर एक रचतात. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या (सु. २५ मिमी.) पट्ट्या ठेवून हवा खेळती राखतात व या पट्ट्या उभ्या ओळीत एकाखाली एक येतील अशी काळजी घेतात, तसे न केल्यास फळ्या लहरी होतात. टोकांतून पाणी जलद निघते म्हणून त्यांना मेण किंवा जाड रंग लावतात आणि राशीवर दगडांचे वजन ठेवतात. उन्हाळ्यातील कोरड्या वाऱ्याच्या बाजूस तरट किंवा तट्ट्या लावणे मराठवाड्यात विशेष उपयुक्त आहे. २५ मिमी. जाडीची फळी अशा रीतीने काही महिन्यांत वाळते, ५० मिमी. जाडीच्या फळीस मात्र त्याच्या दुपटीहून बराच अधिक काळ लागतो. भट्टीतील शुष्कनात तापमान, आर्द्रता व हवेचा वेग यांचे नियंत्रण असल्याने हे काम काही दिवसांत ते काही आठवड्यांत होते व भुंगेऱ्यांची अंडीही मरतात.

बाभळीचे ओंडके विहिरीत किंवा तळ्यात काही महिने बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पाण्यात रसकाष्ठातील स्टार्च व विद्राव्य द्रव्ये कमी होतात आणि भुंगेऱ्यांचा उपद्रव घटतो. ही पद्धत शुष्कनाची जागा घेऊ शकत नाही. पाण्यातून काढलेले लाकूड नंतर सावलीत वाळवावेच लागते. जलांशमापक उपकरण जवळ नसल्यास एक साधी कसोटी करता येते. फळीच्या मधल्या भागातून कापलेला लहान तुकडा अचूक तोलून घेऊन भट्टीत सु. १०३° से. तापमानास वजन स्थिर होईपर्यंत वाळवितात. वजनातील घट भागिले कोरडे वजन गुणिले १०० म्हणजे जलांश होय. घरगुती कामासाठी निवडक फळ्यांचे वजन दर आठवड्यास घेऊन ते स्थिरावले की लाकूड तेथील हवेशी जुळले असे समजता येते. विकत आणलेले वाळलेले लाकूडही कामापूर्वी दोन-तीन आठवडे वापराच्या जागी पट्ट्यांवर रचून ठेवणे हितावह असते.

प्रमुख लाकडे : खाली दिलेली वजने हवेत वाळलेल्या लाकडाची व स्थूल मानाची आहेत, एकाच जातीतही ती बरीच बदलतात.

साग (टेक्टोना ग्रँडिस) : वजन सु. ६५० किग्रॅ./घ.मी. ताकद, स्थैर्य व टिकाऊपणा यांचा इतका समतोल अन्य देशी लाकडांत क्वचितच आढळतो. त्यात सिलिका असल्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते आणि तैलद्रव्यांमुळे जुन्या तासलेल्या पृष्ठभागास सरस नीट धरत नाही. म्हणून तासल्याबरोबर चिकटविणे योग्य ठरते. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील साग प्रसिद्ध आहे. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूर येथून सागवान पाठविण्यात आले [⟶ साग].

शिसव (डालबर्जिया लॅटिफोलिया) : जड, जांभळट-तपकिरी व काळसर रेषांचे शोभिवंत लाकूड. उत्तम फर्निचर, कोरीवकाम व तक्तपोशी यांसाठी मूल्यवान. उत्तर भारतातील शिसू (डालबर्जिया सिसू) हे याच प्रजातीतील, पण अधिक सुलभ लाकूड आहे. बाजारात दोहोंना एकच नाव दिले जाते, म्हणून खरेदीत खुलासा करून घ्यावा. २०१७ पासून या प्रजातीतील वृक्षांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित झाला आहे.

बिबळा (टेरोकार्पस मार्सुपियम) व ऐन (टर्मिनॅलिया इलिप्टिका) : दोन्ही जड व बळकट. बिबळ्याचे मध्यकाष्ठ टिकाऊ असून चौकटी व तुळयांस चांगले. ओले असताना त्याचा पिवळा डाग भिंतीस लागतो. ऐन वाळताना तडकण्याचा संभव असल्याने सावकाश वाळवावा लागतो.

शिवण (मेलिना आर्बोरिया) : वजन सु. ५०० किग्रॅ./घ.मी. फिकट, हलके, आटण्यास अल्प व तासण्यास सोपे. खण, कपाटाचे आतील भाग, चित्रफलक व वाद्यांचे भाग यांसाठी योग्य. भार पेलणाऱ्या तुळईस नव्हे.

बाभूळ (व्हॅचेलिया निलोटिका) : वजन सु. ८०० किग्रॅ./घ.मी. कठीण, चिवट व आघात सोसणारे. गाड्यांची चाके, नांगर व हत्यारांचे दांडे यांसाठी परंपरेने वापरात. सरळ, मोठे तुकडे क्वचित मिळतात. परंतु मध्यकाष्ठ निवडून घेतल्यास खांब, चौकटी, बाक व जेवणाचे मेज यांसाठी ते उत्कृष्ट ठरते. खिळे ठोकण्यापूर्वी छिद्र पाडणे आवश्यक असते.

कडुनिंब (ॲझॅडिरॅक्टा इंडिका) : मध्यम जड, लालसर मध्यकाष्ठ, किडीस बऱ्यापैकी प्रतिकारक. तंतू परस्परांत गुंतलेले असल्याने रंध्याखाली पृष्ठभाग उचकटतो. धारदार पाते व अगदी पातळ कात ठेवून काम करावे. चौकटी, पेट्या व कपाटे यांस योग्य.

आंबा (मँजिफेरा इंडिका) : स्वस्त, मुबलक व कामास सोपे, परंतु न टिकणारे. संरक्षक द्रव्याचा संस्कार करून व ओलीपासून दूर ठेवून फर्निचरसाठी वापरता येते.

टिकाऊपणा व संरक्षण : डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे जमिनीत पुरून त्यांचे आयुष्य पाहण्यात आले. सरासरी १२० महिने वा अधिक टिकणारी लाकडे पहिल्या, ६० ते १२० महिने टिकणारी दुसऱ्या व त्याहून कमी टिकणारी तिसऱ्या वर्गात गणली जातात. साग पहिल्या वर्गात, तर आंबा तिसऱ्या वर्गात मोडतो. ही कसोटी ओल्या जमिनीतील आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. कोरड्या व छायेतील लाकूड अनेक शतके टिकते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छतातील मूळ लाकडी कमानी सु. दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. म्हणून संरक्षणाचा पहिला उपाय रासायनिक नसून रचनेचा आहे : खांबाचे बूड दगडी तळखड्यावर उचललेले ठेवणे, तुळईच्या भिंतीतील टोकांभोवती हवा खेळू देणे व माळवदाची गळती तत्काळ थांबविणे.

रासायनिक संस्कारांत तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण फार प्रभावी ठरले. ते सोंटी कामेशम् यांनी डेहराडून येथे १९३३ मध्ये शोधून काढले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे घरातील वस्तूंसाठी ते योग्य नाही. घरातील कोरड्या जागेसाठी बोरिक अम्ल व टाकणखार यांचे पाण्यातील विद्राव अधिक निर्धोक आहेत; मात्र पाण्याच्या संपर्कात ते निघून जातात.

कामाची पद्धती : तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या व ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० × २० सेंमी. छेदाची तुळई उभी बसविल्यास आडवीपेक्षा दुप्पट भार पेलते व चौपट ताठ राहते. ताणाखाली येणाऱ्या खालच्या कडेस गाठी येणार नाहीत, अशी ती ठेवावी.

फर्निचरमध्ये लाकडाच्या हालचालीस वाव देणे हे मुख्य तत्त्व होय. रुंद दार एकाच फळीचे न करता खाच व कुसू यांनी जोडलेली चौकट करून तिच्या खोबणीत मधला तक्ता सैल बसवितात. हा तक्ता चिकटविल्यास वा खिळ्यांनी जखडल्यास तो फाटतो. मेजाचे माथे चौकटीस जोडताना स्क्रूसाठी लांबट छिद्रे ठेवतात. अनेक अरुंद फळ्या कडेला जोडून केलेले माथे एका रुंद फळीपेक्षा कमी वाकते. पूर्वी जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस वापरीत. आता पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा पांढरा सरस सर्रास वापरतात. सरस हा नीट बसलेल्या सांध्यास बळ देतो; सैल सांध्याची फट भरून काढण्याचे ते साधन नव्हे [⟶ सुतारकाम].

अखेरचा लेप देताना फळीच्या दर्शनी व मागील अशा दोन्ही बाजूंस तो सारखा द्यावा. एकाच बाजूस दिल्यास दुसरी बाजू अधिक वेगाने ओलावा घेते व फळी वाकते. लाखेचे पॉलिश दिसण्यास उत्तम, पण पाणी व उष्णता यांनी त्यावर पांढरे डाग पडतात. जवसाचे तेल दुरुस्तीस सोपे असते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवाव्यात. लाकडाची धूळ कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मान्य केले आहे. म्हणून घासताना व चिरताना नाकातोंडावर आवरण असणे जरूर आहे.

पुरवठा व कायदा : लाकडाचा व्यवहार वखारींत अद्यापही घनफुटांवर चालतो. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातल्यानंतर आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागाचे बाजारातील महत्त्व वाढले. हे लाकूड पुष्कळदा कमी वयाचे असते व वर सांगितलेली रसकाष्ठाची परीक्षा त्यास विशेष लागू पडते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, ऐन, फणस इ. वृक्षांचा समावेश असून ते स्वतःच्या शेतातील असले, तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. बाभूळ व कडुनिंब या अनुसूचीत नाहीत.

जुने लाकूड : वाडे व माळवदे पाडून त्या जागी सिमेंट काँक्रीटची घरे उभी राहू लागल्यापासून त्यांतील खांब, तुळया व कवाडे मोठ्या प्रमाणावर विकली जातात. हे लाकूड अनेक दशके त्याच हवेत राहिल्याने पूर्णपणे स्थिरावलेले व बहुधा मोठ्या वयाच्या वृक्षांचे असते. फर्निचरसाठी त्याहून चांगला कच्चा माल कोरड्या प्रदेशात सहसा मिळत नाही. ते चिरण्यापूर्वी आतील खिळे काढणे, खांबाची बुडे व तुळईची टोके टोचणीने तपासून कुजका भाग कापून टाकणे आणि ठोकल्यावर पोकळ आवाज देणारे तुकडे वेगळे करणे आवश्यक असते. जळणाच्या किंवा भंगाराच्या भावाने जाणाऱ्या अशा तुळईतून मेज, पलंग किंवा नव्या घराची चौकट होऊ शकते. जुन्या लाकडाचा असा पुनर्वापर आणि बांधावरील बाभूळ व कडुनिंब यांचे काळजीपूर्वक शुष्कन, हे दोन मार्ग वडवणीसारख्या वनविरळ भागात दूरच्या सागाइतकेच विश्वासाचे, आणि पुष्कळदा अधिक सोयीचे ठरतात.